आधी काय बिघडलंय ते बघा, काय झालंय ते नंतर

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्यात तीन महिन्यांपूर्वी १०८ च्या रुग्णवाहिकेवर रुजू झालेल्या एका तरुण बीएएमएस डॉक्टरांनी विचारलंय: "मॅडम, घटनास्थळी पोचलो की दहा माणसं एकदम बोलायला लागतात. नेमकं काय झालंय ते मला पटकन सुचत नाही. रुग्णालयात नेल्यावर सीएमओ (तातडीच्या विभागातले डॉक्टर) पहिलाच प्रश्न विचारतात, 'डायग्नोसिस काय?' आणि मी गप्प होतो. रुग्ण तपासायला सुरुवात कुठून करायची? कशावर विश्वास ठेवायचा?"

डॉक्टर, मी आठ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली. २०१४ साली राज्यात १०८ सुरू झाली तेव्हापासून पाच वर्षं गाडीवर होते आणि त्यानंतर साताऱ्यात एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, आहे. स्ट्रेचरच्या दोन्ही टोकांना उभी राहिले आहे. रुग्ण आणून देणाऱ्याची घालमेल मला ठाऊक आहे आणि उतरवून घेणाऱ्याची चिडचिडही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमचा वेळ जातो तो निदान शोधण्यात. कॉलेजात आपल्याला एकच वाट शिकवली: आधी हकीकत, मग तपासणी, मग रक्त-लघवी आणि एक्स-रे, मग निदान, मग उपचार. ओपीडीत ही वाट बरोबर आहे. रस्त्यावरचा माणूस तेवढी सवड देत नाही. तिथं पहिला प्रश्न वेगळा असतो: या माणसाचं आत्ता काय बंद पडायला लागलंय? हवेची वाट, श्वास, रक्ताभिसरण की मेंदू? जे बंद पडतंय ते सापडलं की तिथंच हात घालायचा. ते सावरलं की पुढं सरकायचं. घशात घरघर ऐकू येतेय आणि आपण "शुगर किती वर्षांपासून आहे?" विचारत बसलो, तर उत्तर मिळेपर्यंत ओठ निळे पडलेले असतात. त्या घरघरीला आधी सक्शन लागतं, म्हणजे घशातलं ओढून काढणारी नळी. ती लकव्यामुळं आहे, विषामुळं आहे की डोक्याला मार लागल्यामुळं, हे सक्शन लावल्यावर विचारता येतं.

हाच क्रम तुम्ही ए-बी-सी-डी-ई म्हणून पाठ केलेला आहे: हवेची वाट, श्वास, रक्ताभिसरण, मेंदू आणि शेवटी अंग उघडं करून बघणं. तो कुठून आला हेही सांगते, कारण ती गोष्ट आपल्यासारख्या मुलखाची आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर नावाच्या अस्थिशल्यचिकित्सकाचं छोटं विमान शेतात कोसळलं. तो स्वतः ते चालवत होता. पत्नी गेली, चारपैकी तीन मुलं गंभीर जखमी झाली. जवळच्या लहान गावातल्या रुग्णालयात मुलांना ज्या तऱ्हेनं हाताळलं गेलं ते पाहून तो हादरला. तिथल्या माणसांची नियत वाईट नव्हती, पण आधी काय आणि नंतर काय याची शिस्त कुणाला कुणी शिकवलेलीच नव्हती. त्यातून १९७८ साली गंभीर जखमींच्या तपासणीचा पहिला अभ्यासक्रम उभा राहिला आणि पुढं जगभर गेला. खेड्यातल्या, हाताशी फारसं काही नसलेल्या, रात्री एकट्यानं ड्युटी करणाऱ्या डॉक्टरसाठी तो बनलेला आहे. पाटण, जावळी, शिराळा, आटपाडी इथं काम करणाऱ्यांनी तो मोठ्या शहरातल्यांपेक्षाही जास्त आपला मानावा.

आता गाडीतून उतरल्यापासून बघू. गाडी कुठं आणि कशी उभी करायची ते पायलटवर, म्हणजे चालकावर, सोडा, पण वीज, मागून येणारी वाहनं आणि सांडलेलं डिझेल या तीन गोष्टी स्वतः बघितल्याशिवाय खाली वाकू नका. हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून दुचाकी धडकते, तेव्हा दुसरी धडकही त्याच जागी व्हायला वेळ लागत नाही.

मग रुग्णाकडं चालत जाताना, हात लावायच्या आधी, दहा सेकंद नुसतं बघायचं. रंग कसा आहे? घाम आहे का? बसलाय की पडलाय? बसला असेल तर कसा? दोन्ही तळहात मांडीवर टेकून, मान पुढं काढून बसलेल्या माणसाला झोपवायला जाऊ नका. तो श्वासासाठी बसलाय. आपल्याकडं नातेवाईक हमखास म्हणतात, "आडवं करा त्यांना, आराम पडंल." आडवं केलं की फुप्फुसात पाणी झालेला माणूस दोन मिनिटांत हातचा जातो.

जवळ गेलात की स्वतःचं नाव सांगा आणि विचारा, "काय होतंय?" त्यानं सलग वाक्य बोललं तर हवेची वाट मोकळी आहे, फुप्फुसात वाक्यापुरती हवा आहे आणि मेंदूला बोलण्यापुरतं रक्त पोचतंय. एका प्रश्नात तीन खाती तपासून होतात. दोन-दोन शब्दांवर थांबत बोलतोय? श्वास संकटात आहे. आवाजात घोरणं आहे? जीभ मागं पडलीय, हनुवटी वर उचला. बेशुद्ध माणसाला कांदा हुंगवला असेल, पाणी पाजलं असेल, तर तोंडात बोट न घालता आधी उजेड मारून बघा. घशात काय आहे ते दिसलं की सक्शन.

या सगळ्याच्या आधी येणारी एकच गोष्ट आहे: उसळून वाहणारं रक्त. ऊसतोडीत कोयता पोटरीत बसतो, कडबाकुट्टीत हात जातो. तिथं कापसाचे थरावर थर चढवणं मी रोज बघते. वरून पांढरं दिसतं, खाली रक्त वाहत असतं. थर काढा, नेमकं कुठून येतंय ते बघा आणि तिथं दोन बोटांनी दाबा. अंगाचं वजन टाकून दाबा आणि हात काढून बघण्याचा मोह आवरा. त्यानं थांबलं नाही तर जखमेच्या वर टूर्निके (रक्त अडवणारा घट्ट पट्टा) आणि ती बांधल्याची वेळ.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसले ती. श्वास मोजा.

तुम्ही म्हणाल, हे काय सांगायचं? पण मला येणारे रेफरचे कागद बघा. दहापैकी आठांवर श्वास "१८" किंवा "२०" लिहिलेला असतो. अख्खा जिल्हा मिनिटाला अठरा श्वास घेत नाही, डॉक्टर. हा आकडा अंदाजानं टाकला जातो, कारण तो दाखवणारं यंत्र आपल्या हातात नसतं. बीपीला यंत्र आहे, ऑक्सिजनला बोटावर चिमटा आहे, शुगरला पट्टी आहे. श्वासाला घड्याळ आणि साठ सेकंद लागतात आणि ते साठ सेकंद कुणी देत नाही. पण शरीरात गंभीर काही बिघडलं की बहुतेक वेळा सगळ्यात आधी हलतो तो हाच आकडा. न्यूमोनिया, रक्तस्राव, सेप्सिस (अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग), शुगर वाढून रक्त आम्ल होणं, फुप्फुसात गुठळी, सगळ्यांत. मोठ्या माणसात १२ ते २० ठीक. २४ च्या वर गेला की मला कारण सापडेपर्यंत चैन पडत नाही. ३० च्या वर किंवा ८ च्या खाली असेल तर बाकीचं सोडून तिथंच थांबायचं. लेकरांचं वेगळं: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, वर्षाच्या आतल्याला ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद.

मोजायची रीतही सांगते. रुग्णाला "श्वास मोजतेय" म्हणालात की तो श्वास बदलतो. मनगट धरा, नाडी बघताय असं दिसू द्या, तेच मनगट त्याच्या पोटावर ठेवा आणि नजर छातीवर. आपल्या हाताला पोटाचा उठाव कळतो. रात्री कोपीत (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत), मोबाईलच्या उजेडात, गोधडी पांघरलेल्या म्हातारीचा श्वासही असा मोजता येतो. त्याच वेळी बघा: दोन्ही बाजू सारख्या फुलतात का? बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय का? लहान मुलाच्या नाकपुड्या फुलतात का?

बोटावरच्या चिमट्यावर फार विसंबू नका. हात गार असले की तो चुकतो, मेंदी आणि नेलपॉलिशनं गोंधळतो. आणि एका ठिकाणी तर साफ फसवतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून अंघोळीला गेलेला माणूस बेशुद्ध सापडतो, चिमटा ९९ दाखवतो. रक्तात भरलेला असतो कार्बन मोनॉक्साइड आणि चिमट्याला तो ऑक्सिजनच वाटतो. खोलीत गीझर, शेगडी किंवा जनरेटर दिसला तर आकडा कितीही चांगला असला तरी रुग्ण बाहेर मोकळ्या हवेत आणि पूर्ण ऑक्सिजन. आणि आत जाण्याआधी दारं-खिडक्या उघडा. तुमच्या जिवालाही तोच धोका आहे.

रक्ताभिसरणाबद्दल मी माझीच चूक सांगते, कारण ती मी रोज आठवते.

खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडं उतरताना जे एस आकाराचं वळण आहे तिथं माणसं भरलेला पिकअप उलटला होता. आम्ही पोचलो तेव्हा आठ जखमी होते. शिकल्याप्रमाणं मी मोठ्यानं सांगितलं, "ज्यांना चालता येतंय त्यांनी या कठड्याकडं या." तिघं आले. त्यात बाविशीतला एक मुलगा होता. कठड्याला टेकून बसला, मला म्हणाला, "मला काय न्हाय मॅडम, त्या दादाला बघा." दादाच्या मांडीचं हाड बाहेर आलं होतं, तो ओरडत होता. मी मुलाचं बीपी घेतलं: ११८/९४. हिरवी पट्टी, म्हणजे 'हा थांबू शकतो' अशी खूण, बांधली आणि दादाकडं गेले. वीसेक मिनिटांनी पायलट म्हणाला, "मॅडम, ते पोरगं आडवं झालंय." जाऊन बघते तर तळहात गार आणि ओला. नाडी १२८, श्वास ३०. पाणी मागत होता. डावा खांदा दुखतोय म्हणत होता, खांद्याला ओरखडा नव्हता. बीपी अजूनही ११२/९०. प्लीहा फाटली होती. तो वाचला, कारण दुसरी गाडी तेवढ्यात आली होती आणि ऑपरेशन टेबल वेळेत मिळालं. माझ्या पहिल्या तपासणीमुळं तो वाचला नाही.

काय चुकलं? "चालता येतंय" म्हणून हिरवा, हा नियम मी पाळला. पण हिरव्यांना थोड्या वेळानं परत बघायचं, हा त्याच नियमाचा उरलेला अर्धा भाग मी सोडून दिला. आणि ११८ वाचून मी निश्चिंत झाले, ९४ कडं पाहिलंच नाही. वरच्या आणि खालच्या आकड्यात फक्त २४ चं अंतर होतं. रक्त कमी होताना शरीर शिरा आवळतं, त्यामुळं खालचा आकडा आधी वर चढतो, अंतर आक्रसतं. सत्तर किलोच्या माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दीड लिटर जाईपर्यंत वरचा आकडा टिकून राहू शकतो, तरण्याबांड मुलात तर नक्कीच. बीपी पडतं तेव्हा शरीराची सगळी शिल्लक संपलेली असते. म्हणून आधी हात लावा: तळहात गार आहे का, ओला आहे का, नाडी मनगटाला लागते का, किती वेगानं, किती भरीव. कातडी पाच सेकंद दाबून सोडा, रंग दोन सेकंदांत परतायला हवा. थंडीत बोटावर हे खोटं येतं, तेव्हा छातीच्या मधल्या हाडावर दाबा. बीपीची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची नाडी रक्त गेलं तरी वाढेलच असं नाही, कारण काही गोळ्या ती वाढूच देत नाहीत. त्यांच्या बाबतीत "नाडी ८०, सगळं नॉर्मल" असं लिहिण्याआधी गोळ्यांची पिशवी मागून घ्या.

आणि ओरडणाऱ्याकडं आपले पाय आपसूक वळतात, हे ओळखून ठेवा. ओरडणाऱ्याची हवेची वाट मोकळी आहे. गप्प बसलेल्याकडं आधी जा.

मेंदूची तपासणी रस्त्यावर चार पायऱ्यांत भागते: जागा आहे, हाकेला ओ देतो, वेदनेला प्रतिसाद देतो, कशालाच देत नाही. शुद्धीला गुण देणारी ग्लासगो कोमा स्केल (जीसीएस) १९७४ पासून वापरात आहे, ती गाडीत बसल्यावर करा. पण बेरीज लिहू नका, तिन्ही भाग वेगळे लिहा. "जीसीएस १०" मधून मला काहीच कळत नाही. "डोळे ३, बोलणं २, हालचाल ५" मधून माणूस डोळ्यासमोर उभा राहतो. डोळ्यांच्या बाहुल्या बघा, दोन्ही हातपाय उचलायला सांगा, हसायला सांगा. आणि शुद्ध हरपलेल्या, बरळणाऱ्या, लकवा वाटणाऱ्या, फिट आलेल्या, दारू प्यायलाय म्हणून आणलेल्या प्रत्येकाची शुगर. प्रत्येकाची. "अंगावरून वारं गेलंय", म्हणजे लकवा झालाय, म्हणून आणलेल्या आजींची शुगर ३४ निघते आणि ग्लुकोज शिरेतून गेल्यावर त्या उठून बसतात, हे मी कितीदा बघितलंय. खरंच वारं गेलं असेल तर एकच वेळ नोंदवा: शेवटचं धड कधी बघितलं? "सकाळी उठले तेव्हा असे होते" याचा अर्थ वेळ काल रात्री झोपण्याची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते तास त्या शेवटच्या धड वेळेपासून मोजतात.

याच पायरीवर मला शिकवणारा एक मुलगा आहे. कराड तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या तळावर पहाटे चारला कॉल होता. अकरा वर्षांचा पोरगा, कोपीत जमिनीवर झोपलेला. आई सांगत होती, "दोन वाजल्यापासनं पोटात दुखतंय म्हणून रडत हुता, दोनदा वकला. आता गप झोपलाय, बरं वाटलं आसंल." मी हाक मारली, उत्तर नाही. चिमटा काढला, डोळे उघडले नाहीत. कुणीही "बेशुद्ध" लिहिलं असतं, मीही लिहीत होते. ऑक्सिजन ९५, शुगर ठीक. श्वास मोजला, १२, आणि इतका उथळ की पोटावरचा माझा हात जेमतेम हलत होता. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. गिळली जात नव्हती. तेव्हा डोक्यात आलं. मी दोन्ही बोटांनी पापण्या वर उचलल्या आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "बाळा, ऐकू येतंय तर माझं बोट दाब." त्यानं दाबलं. अगदी हलकं, पण दाबलं.

मण्यार. चावल्याची खूण आम्हाला अंगावर कुठंही सापडली नाही. मण्यारीची बहुतेक वेळा सापडतच नाही, सूजही येत नाही, दुखतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटदुखी आणि उलटी, मग पापण्या जड, मग लाळ, मग श्वास. ही साखळी पाठ करून ठेवा. पोटदुखीची गोळी देऊन असे रुग्ण घरी पाठवले जातात. जमिनीवर झोपणाऱ्या कुणालाही पहाटे पोटात दुखलं, तर "वर बघ" म्हणा आणि पापण्या उचलल्या जातात का बघा, उशीवरून मान उचलायला सांगा, एका दमात किती आकडे मोजतो ते ऐका. पापण्या उघडत नाहीत म्हणजे शुद्ध गेली असं धरू नका. स्नायू गेलेत, माणूस आत पूर्ण जागा आहे. त्या मुलाला आम्ही कराडपर्यंत अंबू बॅगनं, म्हणजे हातानं दाबायच्या फुग्यानं, श्वास देत नेलं. सर्पविषरोधक लस लागतेच, पण मण्यारीत जीव जातो तो हवेअभावी आणि हवा तुमच्या मुठीत असते. तीन दिवसांनी व्हेंटिलेटर निघाल्यावर मी बघायला गेले. त्यानं मला आवाजावरून ओळखलं. गाडीत मी पायलटला "लवकर, हा जाईल" म्हणाले होते, ते त्यानं ऐकलं होतं. तेव्हापासून बेशुद्ध दिसणाऱ्या माणसासमोर मी फक्त त्याला धीर देणारं बोलते.

आपल्या भागात हकीकत ऐकायची तर गावाचे शब्द कळायला हवेत. "पान लागलं" म्हणजे साप चावला. रात्री त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून. "जनावर चावलं" म्हणजेही साप, कुत्रं नव्हे. "औषध पिलं" म्हणजे कीटकनाशक. "पित्त झालंय, सोडा दिलाय" असं पन्नाशीच्या माणसाबद्दल सांगितलं आणि त्याला दरदरून घाम फुटलेला असेल, तर ईसीजी होईपर्यंत ते हृदयच समजा. मधुमेही बाईच्या छातीत दुखतच नाही असंही होतं. नुसता दम, घाम आणि "जीव घाबरा होतोय".

औषध प्यायलेल्याच्या घरचे बहुतेकदा खरं सांगत नाहीत, पोलीस केसची भीती असते. "चक्कर आली" म्हणतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून फेस, छातीत घरघर, कपड्यांना उग्र वास, ही चिन्हं खोटं बोलत नाहीत. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्याला न पिताही हे होतं, कातडीतून. हातमोजे घाला, कपडे काढा, अंग धुवा. ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषध देताना बाहुल्यांपेक्षा छातीकडं लक्ष ठेवा: घरघर कोरडी झाली का, हा खरा प्रश्न. आणि आत्महत्येचा प्रयत्न असेल तर नातेवाइकांना चार पावलं लांब करून, हळू आवाजात, एकट्यालाच विचारा. सासूसमोर सून सांगणार नाही.

नुसत्या बघण्यातून किती सापडतं याचं आपल्याच बाजूचं उदाहरण घाटाखाली आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या रुग्णांच्या उशाशी बसून टिपलं, की उलटी, दरदरून घाम आणि बर्फासारखे हातपाय ही पुढं हृदय बिघडणार असल्याची आधीची वर्दी असते. १९८२ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढं प्रॅझोसिन गोळीनं त्यांनी विंचूदंशाच्या उपचाराची दिशाच बदलली. सुरुवात झाली ती एका ग्रामीण डॉक्टरानं हातपाय चाचपून, वेळ घालून नोंदी ठेवण्यातून. विंचू चावलेला माणूस ठणक्यानं ओरडत असेल तर तेवढी काळजी नाही. ठणका फारसा नाही पण अंग गार आणि भिजलेलं आहे, त्याची मला जास्त काळजी वाटते.

ई म्हणजे अंग उघडं करून बघणं, त्याबद्दल एवढंच: पाठ बघा. जखमी उताणा येतो, उताणाच जातो, आणि पाठीत घुसलेली काच टेबलावर सापडते. बाईमाणसाचं अंग बघताना सोबत बाई हवी, चादर हवी आणि बघून झालं की लगेच पांघरूण. गार पडलेल्या जखमीचं रक्त नीट गोठत नाही.

हे सगळं पहिल्यांदा करायला सरावल्यावर तीन-चार मिनिटं लागतात. पण एकदा घेतलेले आकडे म्हणजे नुसता फोटो. मला हवी असते दिशा. ११० ची नाडी वाईट की चांगली हे मी सांगू शकत नाही. ९० ची ११० झाली की १३० ची ११० झाली हे सांगा, मग सांगते. गंभीर असेल तर दर पाच मिनिटांनी, स्थिर असेल तर पंधरा मिनिटांनी परत पहिल्यापासून. गाडीत घड्याळाचं भान राहत नाही, म्हणून मी रस्त्याला गाठी मारल्या होत्या. पाटणहून कराडला नेताना: पाटण सोडताना एकदा, मल्हारपेठला एकदा, सुपन्याला एकदा, कोयनेचा पूल आला की एकदा. पायलट स्वतःच ओरडायचा, "मॅडम, मल्हारपेठ!" गंभीर रुग्णाला या गाठी पुरत नाहीत, त्याच्यापासून हात हलवायचाच नाही, पण बाकीच्यांना या चार गाठींनी मला बऱ्याचदा वेळेत सावध केलंय. तुमच्या रस्त्याच्या गाठी तुम्ही ठरवा.

आकडे कागदावर लिहायला गाडीत जमत नाही. स्वतःच्या मांडीवर मायक्रोपोरची (कागदी चिकटपट्टीची) रुंद पट्टी चिकटवा आणि तिच्यावर पेननं लिहा: वेळ, श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुद्ध. उतरल्यावर तीच पट्टी केसपेपरला लावा.

आता तुमच्या सीएमओंचा प्रश्न. "डायग्नोसिस काय?" विचारलं की गप्प राहू नका आणि अंदाजही ठोकू नका. असं बोला: "बाविशीचा मुलगा, पिकअप उलटला, दहा वाजून वीस मिनिटांनी. हवेची वाट मोकळी. श्वास २२ चा ३० झाला. तळहात गार, नाडी १०० ची १२८. बीपी ११२/९०, अंतर कमी होतंय. शुद्ध पूर्ण. पोट डावीकडं दुखतंय. शिरेत दोन लाईन लावल्या, ऑक्सिजन चालू आहे. पोटात रक्तस्राव असेल असं वाटतं." अर्ध्या मिनिटात होतं. मी पलीकडं उभी असते तेव्हा हे ऐकून निदान विचारत नाही, सर्जनला फोन लावते. एखादा सीनिअर तरीही तिथं रागावला तर रागावू द्या, वाद घालू नका. पट्टी हातात द्या, वेळ दाखवा आणि तुमचे आकडे त्यांनी वाचेपर्यंत स्ट्रेचरजवळून हलू नका.

पुढचा एक महिना एवढंच करून बघा: प्रत्येक कॉलला, किरकोळ तापालासुद्धा, श्वास पूर्ण साठ सेकंद मोजा आणि खरा आकडा लिहा. महिन्याभरानं त्या पट्ट्या घेऊन साताऱ्याला या. आपण बसून बघू, कुठल्या रुग्णाचा आकडा आधीच सांगत होता.